काठ्यांचा आधार

वादळानं तांड्यातलं सगळं धान लोळवलं होतं. फक्त ममताच्या बांधीतलं, तिच्या छोट्या खाचरातलं, धान उभं होतं. ती धावत धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत, आली आणि थबकली. तिच्या धानाच्या ओळींत बांबूच्या काठ्या रोवल्या होत्या आणि रोपं सुतळीनं काठ्यांना बांधली होती.

"बा, हे कोणी केलं?"

"म्याच," उत्तमसिंग म्हणाला. "काल सांजेले आभाळ पाह्यलं. म्हटलं, छोरीची एवढी मेहनत मातीत जाईन."

"अरे बा, बिनआधारानं उभं राह्यते का, हेच तर पाहाचं होतं!"

"मी सांगून राह्यली होती, नका बांधू म्हणून," हंसाबाई नवऱ्याकडे बघत म्हणाली. "धानाले वेण्या घालत बसले!"



लोळू नये म्हणून इतर संशोधकांनी धानाचे बुटके वाण काढले होते. पण बुटक्या धानाचं तणस गुरांना पुरत नसे. म्हणून तांड्यातले लोक उंच धानच लावत, आणि ते कापणीच्या तोंडावर आडवं होई. ममताला उंचीही हवी होती आणि ताकदही. तिनं घरच्या उंच वाणाचा जाड खोडाच्या वाणाशी संकर केला. मग प्रत्येक पिढीत खोडं चिरून पाहिली, जाड भिंतीची तेवढीच ठेवली. जाड खोडाचं जनुक तिच्या धानात उतरलं होतं, याची तिला खात्री होती. पुरावा मात्र वादळच देणार होतं.

जीप थांबली. नवे वाण तपासणाऱ्या इंदुताई पांढरकवड्याहून आल्या होत्या. हे वाण पुढे न्यायचं की इथंच थांबवायचं, ते त्याच ठरवणार होत्या. सुतळी दिसताच त्यांचा चेहरा उतरला.

"ममता, बांधलेल्या पिकाला मी उभं कसं म्हणू?"

"समजतं, मॅडम."

उत्तमसिंग पुढे झाला. "चूक माही हाय, मॅडम. पोरीले काहून सजा? आत्ता सोडतो सारं."

"आता सोडून काय उपयोग? वारा तर गेला."

तरी तो चिखलात उतरला. खाली मान घालून त्यानं पहिल्या काठीची सुतळी सोडली आणि काठी उपटायला पाय रोवले. हात लावायच्या आधीच काठी कलंडली आणि चिखलात पडली. धान हललंसुद्धा नाही. त्यानं दुसरी सोडली. तीही पडली.

"थांबा!" इंदुताई चपला धुऱ्यावर टाकून बांधीत शिरल्या. वाकून त्यांनी पाती बाजूला सारली. एक ओळ पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. वादळानं सगळ्या काठ्या ओल्या मातीतून उपटल्या होत्या. त्यांची बुडं चिखलाच्या वर अधांतरी लटकत होती.

"उत्तमसिंगजी, आता एकही गाठ सोडू नका," त्या म्हणाल्या.  "आधी मला फोटो काढू द्या."

काठ्या पडल्या नव्हत्या, कारण त्या ममताच्या धानाला बांधलेल्या होत्या.