पाचवा गडी

"पाचवा गडी कोन?" झिंगूनं विचारलं.

"सुकरी," वरच्या टोलीची सोमारी म्हणाली.

खालच्या टोलीची पोरं खो खो हसली. कुरखेड्याच्या वाटेवरच्या मोकळ्या खळ्यात रोज संध्याकाळी हुतुतू रंगायचा, गावच्या दोन वस्त्यांचा, वरची टोली विरुद्ध खालची टोली. सुकरीही रोज खेळात असायची, पण दूधभात म्हणून. दूधभाताला कुणी बाद करत नाही. ती कुठंही फिरली, कुणालाही शिवली, तरी ते हिशेबात धरायचं नसतं. दूधभात लहानग्यांना ठेवतात, आणि सुकरी तर सोमारीच्याच वयाची. पण ती बोलत नव्हती. हाक मारली तर वळून बघत नव्हती. दिवसभर नाकातल्या नाकात एकच सूर धरून गुणगुणायची आणि खुशीत आली की दोन्ही हात फडफडवायची. तिला खेळात घेतो म्हणजे आपण फार दिलदार, अशी दोन्ही टोल्यांची समजूत होती.

आज वरच्या टोलीचा लटारू मामाकडे गेला होता. पाच गडी भरले नाहीत तर डाव न खेळताच हरलेला.

"दूधभात गडी म्हनून चालत नाई," झिंगू म्हणाला. नियमाला तो तहसीलदारापेक्षा कडक होता.

"ती दूधभात नाई. आजपासून पक्की हाये."

"पक्की असन त बाद बी होईन."

"होऊ दे न."

"अन् हुतुतू कोन म्हनन? तिच्या तोंडून आजवर एक शब्द नाई निंगाला."

"दम धरला का झालं. तू हुतुतू म्हन, ती ऊं म्हनते. दम तुटला त तुटला."

झिंगूनं डोकं खाजवलं. सोमारी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. सुकरी मात्र राखेनं आखलेल्या मधल्या रेषेवर उभी राहून पायाच्या अंगठ्यानं राख चाचपत होती.

"बरं," झिंगू म्हणाला. "पन मंग रडाचं नाई कोनी."

डाव सुरू झाला आणि वरच्या टोलीचा कोलू पहिल्याच झटक्यात बाद होऊन कडेला जाऊन बसला. मग सुकरीची पाळी आली. सोमारीनं तिला हात लावला नाही, नुसतं पलीकडे बोट दाखवलं.

"जाय, सुकरी."

सुकरी निघाली. सूर धरलेलाच होता. बाकीचे गडी हुलकावण्या देत जातात, ही बाजाराला निघाल्यासारखी सरळ चालत गेली. ती बघते कुठं आणि वळणार कुठं, हे कुणालाच कळेना. मुखरू मागे सरकता सरकता पडलाच.

"धरू नोका रे तिले," झिंगू ओरडला. अंगाला हात लागला की ती कान दाबून खाली बसते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "नुसतं घेरा."

पोरांनी कडं केलं. कड्याच्या आत सुकरी फिरत राहिली, हात फडफडत राहिले, सूर काही तुटेना. एवढा दम झिंगूचाही नव्हता. सोमारी रेषेवर नाचत होती. कडेला बसलेला कोलू गुडघ्यांवर उठला होता.

"हे पोट्टी हाये का लोहाराचा भाता," मुखरू पुटपुटला.

आणि मग सूर तुटला. जरासाच. सुकरीनं श्वास घेतला आणि पुन्हा सुरू झाली.

सगळ्यांनी ऐकलं.

"जाऊ दे न," मुखरू म्हणाला. "सुकरीच त हाये."

झिंगूनं सोमारीकडे पाहिलं. सोमारीनं मान हलवली. जाऊ द्यायचं नव्हतं.

"दम तुटला," झिंगू म्हणाला. "सुकरी बाद."

सोमारीनं टुणकन उडी मारली. तिला आनंद आवरेना.

"आपला गडी गेला, तू काऊन नाचून राह्यली?" कोलू म्हणाला. पण सुकरी त्याच्याकडेच येत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. रोज बघत होतीच ना ती. आली आणि त्याच्या मागे बसली. मग कोलूही हसला आणि पुढे सरकला.

तेवढ्यात तेंदूच्या पानांचा भारा डोक्यावर घेऊन सुकरीची माय, धुरपता, आली.

"चाल सुकरी, घरी."

एरवी ती भर डावातून सुकरीला घेऊन जायची आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आज दोन्ही टोल्यांची पोरं तिला आडवी आली.

"नेऊ नोको, काकी. ती बाद हाये."

"बाद?" धुरपता भारा धरून थबकली. "कोनं केलं?"

"म्या," झिंगू जरा मागे सरकून म्हणाला.

"आता तिले उठता येत नाई," सोमारीला धाप लागली होती. "आमी त्यायचा एक गडी मारला का कोलू जिता होईन. दुसरा मारला का सुकरी. तिचा नंबर लागला हाये, काकी."

धुरपतानं कोलूकडे पाहिलं, त्याच्या मागे बसलेल्या आपल्या पोरीकडे पाहिलं. दिवस कलला होता. पानं मोजून घेणाऱ्या मुन्शीकडे द्यायची होती, आणि मुन्शी कुणासाठी थांबत नसे.

तिनं भारा खाली ठेवला आणि सुकरीच्या मागे, थोडं अंतर राखून, बसली.

"मंग मारा न दोन," ती सोमारीला म्हणाली.