नव्या पॅडचा आवाज

चीं करून गाडी शटरपुढं थांबली आणि चहाच्या टपरीवरची सगळी तोंडं एकदम वळली.

उकंडरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं मेडशीत गॅरेज टाकलं त्याला फार दिवस झाले नव्हते. आतापर्यंत सगळी मोटारसायकलींची किरकोळ कामं, आणि पहिली चारचाकी आली ती थेट हुकूमचंद शेठची. अर्धं गाव शेठच्या दुकानात किराणा भरतं. तिथं चांगला शब्द निघाला तर गॅरेज चाललं, वाईट निघाला तर शटर ओढून घ्या. आणि गाडी तर अशी बोंबलत आलेली.

"दीपे, काल आणली तवा वाजत नव्हती. आता काहून वाजून राह्यली?"

"ब्रेकचे पॅड नवे हायेत बाबा, चकती जुनी," चक्कर मारून आलेली धम्मदीपा खाली उतरत म्हणाली. "दोघाईले एकमेकाची सवय व्हा लागते. ब्रेक मारत मारत चालवली की जाते आवाज. तवरोक वाजू द्या."

तिनं हात धुतले आणि ती घरी जेवायला गेली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

'वाजू द्या' म्हणणं सोपं होतं. उकंडरावांची हयात बंडी हाकण्यात गेलेली. करकरत बंडी गावात शिरली की बैलांच्या आधी मालकाची अब्रू जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची बंडी कधी वाजली नाही. पुढं बैल गेले, बंडी गेली, पण आसाला वंगण घालायची तेलाची कुप्पी काही त्यांनी टाकली नाही. म्हाताऱ्याचं मन राखायला धम्मदीपानं ती गॅरेजात खिळ्याला टांगू दिली होती.

त्यांनी टपरीकडं पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. कुप्पी काढली, चाकाच्या फटीतून दिसणाऱ्या चकचकीत चकतीवर हळूच धार सोडली. मग दुसऱ्या चाकावर. पोरीसाठी आपल्या हातून काहीतरी झालं, या समाधानानं ते बाकड्यावर येऊन बसले.

धम्मदीपा परत आली तेव्हा शेठ गाडीत बसलेसुद्धा होते. मागं शेठाणी सुंदरबाई, मांडीवर डबा. घाट उतरून पातूरला लेकीकडं जायचं होतं, तेही दिवस बुडायच्या आत. जैन घर; दिवस बुडाल्यावर दोघं अन्नाला शिवत नाहीत.

शेठनं काच वर केली, गाडी चार हात पुढं घेतली आणि ब्रेक दाबला. चूं की चां झालं नाही. आतूनच त्यांनी अंगठा दाखवला.

धम्मदीपा मात्र हसली नाही. "आवाज कुठं गेला?"

"म्या घालवला," उकंडराव ऐटीत म्हणाले. "तेल सोडलं चकतीवर. दोन्हीकून."

तिनं पटकन वाकून चाकाच्या फटीत पाहिलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "बंडीचं चाक फिरलं पाह्यजे, म्हून त्याले तेल. हे थांबलं पाह्यजे."

उकंडरावांच्या डोळ्यांपुढं घाट उभा राहिला, एकेक वळण. आणि मागच्या सीटवर डबा धरून बसलेली सुंदरबाई.

धम्मदीपानं दार उघडून किल्ली काढून घेतली. "काका, उतरा. गाडी आज नाही भेटत. माह्या गॅरेजात चूक झाली. ब्रेकले तेल लागलं."

शेठच्या कपाळावर आठी चढली. "असं कसं लागलं?"

तिनं बापाचं नाव घेतलं नाही. मान खाली घालून उभी राहिली. गप्प बसलं असतं तर उकंडरावांची लाज तेवढी झाकली गेली असती. पण पोरीच्या हातावर कायमचा डाग बसला असता.

"तिची चूक नाही शेठ," ते उठून म्हणाले. "म्या टाकलं तेल. तिनं सांगतलं होतं, वाजू द्या म्हून. मले लाज वाटली."

आधी सुंदरबाई उतरली. तिनं उन्हाकडं पाहिलं, बाकडं पदरानं झटकलं आणि त्यावर डबा उघडला.

"या जेवाले," ती नवऱ्याला म्हणाली. "दिवस हाय अजून. पोरीनं उतरवलं म्हून जेवून राह्यलो आपण."

शेठही उतरून बाकड्यावर बसले. "सकाळी होईन का बेटा?" त्यांनी विचारलं.

"होईन काका."

सकाळपर्यंत चकत्या धुऊन पुसून कोरड्या ठणठणीत झाल्या होत्या आणि पॅड पुन्हा नवे बसले होते. धम्मदीपानं गाडी हायवेवर काढली, शेजारी बापाला बसवलं. वेग घेतला, ब्रेक दाबला.

चीं.

उकंडरावांनी डोळे मिटले. एवढा गोड आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

उन्हं वर येता येता शेठ गाडी घेऊन निघाले. आजउद्या वाजेल, मग बंद होईल, हे धम्मदीपानं त्यांना दोनदा समजावून सांगितलं होतं. चौकातल्या गतिरोधकावर गाडी किंचाळली आणि टपरीवरची सगळी तोंडं वळली.

उकंडराव बाकड्यावरून उठून रस्त्यापर्यंत आले. कुणी काही विचारलं नव्हतं.

"नवे पॅड हायेत," ते टपरीकडं बघून मोठ्यानं म्हणाले. "आमच्या दीपीनं टाकले. वाजू द्या."