बारशातला फोटो

माझ्या तिसऱ्या लेकीच्या बारशाला धाकट्या दिरानं, चंपतनं, पाळण्याजवळ आमचा फोटो काढला, बुंदीचे लाडू मागून खाल्ले आणि पुढच्याच आठवड्यात तो फोटो तक्रारीला जोडून वाशीमला कलेक्टर ऑफिसात दिला. दोनाच्या वर लेकरं झाली की सरपंचपद जातं, असा कायदा आहे. माझं गेलं. उपसरपंच चंपतच होता, माझ्या खुर्चीत तोच बसला. मी नागपूरला हायकोर्टात त्या कायद्यालाच आव्हान दिलं. वकील म्हणाले, "याचिका कायद्याविरुद्ध आहे, ताई. सरकार आणि महाधिवक्ता, दोघांना नोटीस गेली की पुरे." मी म्हटलं, "तिसऱ्या नंबरवर चंपतले टाका. अन् त्याची नोटीस पोस्टानं नोका पाठवू. हमदस्त मागून घ्या, मी सोता त्याच्या हातात नेऊन देईन." कोर्टानं परवानगी दिली. नोटीस हाती आली तरी मी ती मुद्दाम कपाटात ठेवून दिली, कारण रविवारी चंपतच्या पोराचं बारसं होतं. सगळ्या भावकीदेखत मी बाळाला झबलं दिलं आणि झबल्याच्या घडीतलं पाकीट चंपतच्या हातात ठेवलं. वाचून त्याचं तोंड उतरलं. "वैनी, लेकराच्या बारशात हे काहून?" मी मोबाईल वर धरला. "नोटीस पोचल्याचा फोटो कोर्टात लावा लागते, भाऊजी. पाळण्याजवळ सरका, अन् थोडं हासा. तुमी काढला तवा मी हासली होती."