वीस ग्रॅम शिसं

सगळे जेवायला गेले आणि बॅटरीवाले साहेब कॅमेरेवालीच्या डमीची पाठ उघडायला बसले.

डमी म्हणजे खोटा फोन. बाहेरून अगदी खरा, आत नुसती वजनं: बॅटरीच्या जागी बॅटरीएवढं, कॅमेऱ्याच्या जागी कॅमेऱ्याएवढं. कंपनीच्या नव्या फोनसाठी असे दोन डमी तयार झाले होते. साहेबांच्या फोनात बॅटरी मोठी होती. दोन दिवस चार्जरची आठवण होणार नाही, पण फोन जाडजूड. कॅमेरेवालीने वरच्या कोपऱ्यात एवढा मोठा कॅमेरा बसवला होता, की त्याने बॅटरीची पाव जागा खाल्ली. फोटो झकास येणार आणि फोन संध्याकाळी सातला मान टाकणार. दोन्ही गोष्टी एका फोनात मावत नव्हत्या. मावल्या असत्या तर त्या इमारतीतल्या निम्म्या लोकांना कामच उरलं नसतं.

निवड कंपनीच्या प्रमुख मॅडम करणार होत्या, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने. कागद बघायचे नाहीत, आकडे ऐकायचे नाहीत. एक डमी एक दिवस हातात वागवायचा, दुसरा दुसऱ्या दिवशी, आणि मग निकाल सांगायचा. ज्याचा डमी पास, पुढचं वर्षभर सगळी टीम त्याच्या हाताखाली. आज मॅडमच्या हातात साहेबांचा डमी होता. उद्या कॅमेरेवालीचा जाणार होता.

साहेबांना नेमकं तेच बघवत नव्हतं. हीच मुलगी सहा वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून साधी चिकटपट्टी कापायला शिकली होती. आता मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं की मॅडम आधी तिच्याकडे बघत. जेवणाच्या टेबलावर तिच्याभोवती हशा पिकला की साहेबांच्या घशाखाली घास उतरत नसे. बरं, ती उर्मट असती तर निदान चिडायची सोय झाली असती. पण ती त्यांना अजूनही अदबीने 'सर' म्हणायची, आणि त्याने तर त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यांनी शिशाची पातळ पट्टी काट्यावर ठेवली. वीस ग्रॅम. एवढं वजन जास्त झालं की दुपारपर्यंत मॅडमचं मनगट कुरकुरायला लागणार, आणि उरलेलं काम मनगटच करणार. त्यांनी पट्टीवर चिकटपट्टी लावली. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली. मनात धाकधूक होती, पण हात वीस वर्षांच्या सवयीने चालत होते. पट्टी बसवून त्यांनी झाकण दाबलं आणि डबा उघडून जेवायला बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी दोन्ही डमी टेबलावर ठेवले.

"हा दणकट आहे," साहेबांच्या डमीकडे बोट करून त्या म्हणाल्या, "पण दिवसभर वीट घेऊन हिंडल्यासारखं वाटलं मला."

मग त्यांनी दुसरा उचलला आणि एका बोटावर आडवा ठेवला. तो ठेवला तसाच राहिला.

"खरं सांगू? याची मला धास्ती होती. एवढा कॅमेरा म्हणजे वरून जड होणार, सारखा पुढे झुकणार. पण हा हातात कसा छान बसतो! थोडा जड आहे, असू दे. हाच करायचा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. कॅमेरेवाली तेवढी त्या बोटाकडे बघत राहिली. तिचा डमी झुकतो, हे तिला सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

तासाभराने ती साहेबांच्या टेबलापाशी आली. हातात शिशाची पट्टी होती.

"सर, ही तुम्ही लावलीत ना?"

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"चिकटपट्टीचे कोपरे गोल कापलेत. सुटू नयेत म्हणून. तुमच्याशिवाय इथे कोण कापतं असे? मी कापते, ते तुम्हीच शिकवलंत म्हणून." तिने पट्टी त्यांच्यासमोर धरली. "आणि लावलीत पण कुठे, तर बरोबर खाली, बॅटरीच्या पोटाशी! वरचा भार तिथेच तोलला जातो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सर, तुमचा स्वतःचा डमी समोर असताना तुम्ही माझा सावरलात, आणि कुणाला बोललासुद्धा नाहीत. मी आत्ता मॅडमना सांगून येते."

साहेबांनी चष्मा परत घातला. ती भांडली असती, तक्रार घेऊन गेली असती, तर त्यांच्याकडे चार उत्तरं तयार होती. पण हा माणूस आपल्यावर जळत असेल, असा संशयही तिला आला नव्हता. वर्षभर ते आतल्या आत जळत होते आणि हाताच्या अंतरावर बसणाऱ्या या मुलीला साधी धगही लागली नव्हती. सुटलो, असं वाटायच्या ऐवजी त्यांना भयंकर अपमान वाटला.

"पुढच्या वेळी मला सांगून करा ना, सर," ती म्हणाली. "मला शिकायला मिळेल."

"पुढच्या वेळी," साहेब म्हणाले, "वर लावीन. कॅमेऱ्याला चिकटून."

ती खळखळून हसली. सर कधी नव्हे ते गंमत करत होते. हसत हसतच ती दाराशी पोहोचली, दार ढकलायला हात पुढे केला आणि तिथेच थांबली. हसणं ओसरलं. साहेबांकडे वळून न बघता तिने पट्टी तळहातावर घेतली, आणि हात हळूहळू वरखाली करत तिचं वजन बघत राहिली.