हिरवी तार

हिरवी तार फक्त अर्थिंगची, तिच्यातून वीज कधीही न्यायची नाही, हे मी तंत्रनिकेतनात आयुष्यभर शिकवले. मात्र स्वतःच्या घराचे वायरिंग करताना स्वयंपाकघरातील सॉकेटपाशी लाल तार हातभर कमी पडली. दुकाने बंद होती, म्हणून मी हिरव्या तारेचा तुकडा जोडला आणि त्यावर लाल टेप गुंडाळली.

“अहो, याच चुकीसाठी पोरांना नापास करता ना?” बायकोने टोमणा मारला.

“घर माझे आहे. मला ठाऊक आहे, तेवढे पुरे.”

तीस वर्षांनी, गेल्या मंगळवारी, माझा जुना विद्यार्थी ते सॉकेट बदलायला आला. आज तो नावाजलेला वायरमन आहे. टेप केव्हाच वाळून गळली होती, जोड उघडा पडला होता. त्याने मेन स्विच चालूच ठेवून फक्त सॉकेटचे बटण बंद केले, झाकण उघडले आणि ती हिरवी तार बेधडक चिमटीत धरली.

रुग्णालयात त्याचा उजवा हात बँडेजमध्ये होता. दोन बोटे वाचतील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते. बायकोने मला कोपराने ढोसले. “आता तरी खरं सांगून टाका.”

मी तोंड उघडण्याआधीच तो ओशाळून म्हणाला, “सर, रागावू नका. तुमचा नियम मोडला, टेस्टर न लावताच हात घातला. म्हटलं, सरांच्या घरात कशाला तपासायचं?”



मी घसा खाकरला आणि म्हणालो, “पुन्हा अशी चूक करू नकोस.”