परक्या डोळ्यांनी

"बाई, बाबांची होडी सापडली!" वादळात बेपत्ता झालेल्या होडीची बातमी स्क्रीनवर वाचून दर्शिका ओरडली आणि आठवीचा अख्खा वर्ग टाळ्या पिटू लागला.

शिंत्रेबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. आताशा प्रत्येक वेबसाइट वाचणाऱ्याचं मन ओळखायची आणि त्याला हवं तेच दाखवायची. म्हणून बाईंनी वर्षभर पोरांकडून एकच धडा घोटून घेतला होता: बरं वाटणारी बातमी आधी आपल्यावर खार खाणाऱ्या माणसाकडून वाचून घ्यायची. त्याच्याही स्क्रीनवर तीच दिसली, तरच खरी मानायची.

"नियम आठवतो ना गं?" बाईंनी हळूच विचारलं.

दर्शिकाचा चेहरा उतरला. ती शेवटच्या बाकावरच्या किमयापाशी गेली. मासेमारीची जाळी कापल्याच्या भांडणापासून त्या दोघींच्या घरांत विस्तव जात नव्हता. पोरीही एकमेकींशी बोलत नसत.

"वाच," दर्शिका म्हणाली.

किमयाने तीच वेबसाइट उघडली. ती वाचू लागली. "होडी सापडली. सगळे खलाशी सुखरूप आहेत."

वर्गाने एकच गिल्ला केला. दर्शिका किमयाच्या गळ्यात पडली. बाईही हसत पुढे सरसावल्या आणि अर्ध्या वाटेतच थबकल्या. किमयाचे डोळे सुजलेले होते. वादळाच्या दिवसापासून तीही त्या होडीसाठी रडत असावी.

म्हणजे हिलाही हीच बातमी हवी होती.

बाईंनी खिडकीबाहेर समुद्राकडे पाहिलं. त्याला मात्र कुणाचंच मन वाचता येत नव्हतं.