गव्हाची साक्ष

यंत्राने शाल्मलीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि हिरवा दिवा लागला.

"रक्तात गव्हाविरुद्धच्या अँटिबॉडी नाहीत. म्हणजे यंत्राच्या मते गहू चालेल," डॉक्टर तांबोळी म्हणाले.

इरावतीने लेकीला जवळ ओढलं. "अहो डॉक्टर, पोळी खाल्ली की हिचं पोट नगाऱ्यासारखं फुगतं. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या नुसत्या! माझ्या आईने पृथ्वीहून धाडलेल्या ज्वारीच्या भाकरीवर आत्ता कुठे सावरलीय."

"तिथंच घोटाळा झाला, इरावतीताई. गहू पोटात गेलाच नाही, शत्रूच दिसला नाही, की रक्त शस्त्रं खाली ठेवतं. मग यंत्राला काय दिसणार?"

"पण ती ज्वारी संपली. इथं मंगळावर ज्वारीचा एकच वाफा आहे ना?"

"त्यातली ज्वारी या यंत्राचा लाल दिवा लागल्याशिवाय कुणालाच मिळत नाही. बाकी सगळा गहू." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "तिला रोज पोळी घाला. काही आठवड्यांत रक्त पुन्हा चवताळेल, तेव्हा तपासायला घेऊन या."

"आणि तोवर पोरीने तग धरला नाही तर?"

डॉक्टर यंत्राची काच पुसत राहिले.

घरी येऊन इरावतीने कणीक मळली. पोळी लाटून तव्यावर टाकली. तव्यावरच्या पोळीचा वास सुटला, तशी शाल्मली धावतच आली.

"आई, पोळी! म्हणजे मी बरी झाले? मला तूप-साखर लावून गुंडाळी कर."

"झालीस हो, माझे राणी," इरावती म्हणाली. तिने तूप जरा जास्तच लावलं, आणि गुंडाळी लेकीच्या हातात दिली.